ह्या गोचिडाच्या आईला!

खांदमळणीच्या दिवशी बैल धुताना दादांचा हात कुठं कुठं थांबतो, ते मला लहानपणापासून पाठ आहे. आधी कानाच्या आत. मग गळ्याखालच्या पोळीच्या घडीत. मग शेपूट उचलून तिच्या बुडाशी, आणि शेवटी मांडीच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी मऊ असते. हात थांबला की दोन बोटांची चिमूट होते, जरासा पीळ बसतो आणि डालड्याच्या जुन्या डब्यात ‘टप्’ असा आवाज होतो. पूर्वी डब्यात रॉकेल असायचं. रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून ट्रॅक्टरमधलं डिझेल असतं. त्या आवाजापाठोपाठ दादांची शिवी ठरलेली. चाळीस वर्षं तीच.

“ह्या गोचिडाच्या आईला!”

आमचं गाव उदगीर तालुक्यात. पोळ्याच्या आदल्या दिवशी पाझर तलावाखालच्या ओढ्यावर अख्ख्या गावाची गुरं धुवायला येतात. ‘अख्ख्या गावाची’ म्हणायचं, पण आता तीस-पस्तीस जनावरं झाली तरी पुष्कळ. यंदा आमच्यापासून दहा पावलांवर तात्या त्यांचे बैल धूत होते. तात्या म्हणजे दादांचे चुलतभाऊ. चार वर्षांपूर्वी बांध कोरण्यावरून वाजलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. दोघंही पाठीला पाठ लावून बैल घासत होते आणि दोघांच्याही डब्यांत टप् टप् चाललेलं होतं.

रक्त पिऊन टम्म झालेली गोचिडाची मादी तळहातावर घेऊन नीट पाहिली आहे का कधी? करडी, निळसर झाक असलेली, गुळगुळीत. शेजारी एरंडाची बी ठेवली तर घटकाभर फसायला होतं. एरंडाला शास्त्रात रिसिनस म्हणतात, आणि लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थच मुळी गोचीड. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी रोमजवळच्या कुठल्याशा शेतकऱ्यानंही असाच तळहात पुढं करून पाहिलं असणार. अकरावीच्या वर्गात मी हे सांगतो तेव्हा पोरं हसतात. लातूरच्या पोरांनी आता एरंडही पाहिलेला नसतो आणि गोचीडही.

आमच्या सप्त्यात कीर्तनकार बुवा गोचिडाचा दृष्टांत हमखास देतात. कासेला चिकटलेला असतो, दूध एका कातडीच्या अंतरावर, तरी मेला रक्तच पितो. टाळकरी माना डोलवतात. मीही डोलवायचो. ह्याच सवयीवर पुढं माणसानं त्याच्यासाठी सापळा रचला, हे मला फार उशिरा कळलं. चंद्री गेल्यावर.

चंद्री आमची एचएफ संकरित गाय, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन ह्या युरोपातल्या दुधाळ जातीचा संकर. दादांनी डेअरीच्या भरवशावर कर्ज काढून आणलेली, दुसऱ्या वेताची. दोन वेळचं मिळून चौदा लिटर. शेजारी बाळी बांधलेली असायची, ती आमची घरची देवणी. रंगानं वानेरा, म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. बाळी तीन लिटर द्यायची, तेही मनात असलं तर. त्यामुळं सुग्रास चंद्रीला आणि कडबा बाळीला, अशी घरात सरळ वाटणी होती. माय मात्र चंद्रीला मनापासून ‘आपली’ म्हणत नसे. “दुधाची मशीन हाय ती,” म्हणायची.

जूनमध्ये, मृगाचा एक पाऊस पडून पुन्हा ऊन तापलं तेव्हा दादांचा फोन आला. “चंद्री कालपासून वैरणीला तोंड लावंना. अंग लई तापलंय.”

मी तेव्हा बोर्डाच्या पेपरांच्या गडबडीत होतो. म्हणालो, “उन्हाचं असंल दादा. अंगावर पाणी मारा, सावलीत बांधा. उद्या बघू.”

जीवशास्त्राचा मास्तर. घरात शिकलेला एकच. दादांनी माझं ऐकलं आणि दोन दिवस पाणी मारलं. डॉक्टर आले तेव्हा ताप १०६ होता. त्यांनी आधी चंद्रीच्या खांद्यापुढं हात घातला आणि मला बोलावून तिथं बोटं ठेवायला लावली. कातडीखाली पेरूएवढी गाठ. मग डोळ्याची पापणी उलटी करून दाखवली, ती पांढरीफटक. “गोचीड ताप,” ते म्हणाले, “थायलेरिया.” कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि ब्युपारव्हाक्वोनचं इंजेक्शन मानेत खोल दिलं. औषध चांगलं आहे, पण वेळेत गेलं तर. तिसऱ्या दिवशी पहाटे चंद्री गेली. त्याच दावणीला, त्याच गोठ्यात, तेच गोचीड अंगावर वागवत बाळी कडबा खात उभी होती.

ती काच नंतर मी पाहिली. जांभळट रंगवलेल्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांच्या पोटात निळे ठिपके. थायलेरिया अॅन्युलाटा हा जीव गोचिडाच्या लाळेतून रक्तात येतो आणि थेट पांढऱ्या पेशीतच मुक्काम ठोकतो, म्हणजे ज्यांनी त्याला पकडायचं त्यांच्याच घरात. एवढ्यावर तो थांबत नाही. त्या पेशीला तो थांबू न देता विभागत राहायला लावतो, कॅन्सरमध्ये होतं तसं. ती पेरूएवढी गाठ म्हणजे बेबंद वाढलेल्या पेशींचा ढीग. मी त्याला ऊन म्हणालो होतो.

त्यानंतरचे काही महिने मी गोचिडांच्या मागं लागलो. अपराधी माणूस वाचन फार करतो.

पहिली गोष्ट कळली ती ही की आपण ज्याला सरसकट गोचीड म्हणतो त्यात आमच्या गोठ्यात निदान दोन जाती आहेत. एक बारक्या तोंडाची, जी अळीपासून मादी होईपर्यंत तीन आठवडे एकाच जनावरावर काढते आणि अंडी घालायलाच तेवढी खाली उतरते. तिचं नाव रिपिसेफॅलस मायक्रोप्लस. लाल लघवीचा रोग, बबेसिओसिस, तिच्यामार्फत येतो. १८९३ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न ह्यांनी तिच्या जवळच्या एका जातीवर ते सिद्ध केलं. रोनाल्ड रॉसला डासात हिवतापाचा जंतू सापडायच्या चार वर्षं आधी. टेक्सासच्या गुराख्यांना मात्र गोचिडांचा संशय कधीचाच होता.

दुसरी हायलोमा. लांब पायांची, पायांवर फिकट कडी. ही गाईवर पिते, उतरते, भिंतीच्या फटीत जाऊन कात टाकते आणि पुन्हा जनावर शोधत निघते. चंद्रीला मारलं ते हिनं. आमचा गोठा दगडी, आजोबांनी बांधलेला, आणि चुना कधीच गळून गेलेल्या त्याच्या सांध्यांत नुसती खराट्याची काडी फिरवली तरी पाच-सहा बाहेर यायचे. आम्ही वर्षानुवर्षं गाय धूत होतो आणि गोचीड भिंतीत राहत होते. नंतर दादांनी फटी लिंपून घेतल्या, चुना मारला. मायनं गोठ्यात चार कोंबड्या सोडल्या. सगळ्यात जास्त काम कोंबड्यांनी केलं असं माझं मत आहे.

औषधांचं विचारू नका. लिटरला दोन मिली असं बाटलीवर लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षी दोन मिलीनं गोचीड गळतात. तिसऱ्या वर्षी गळत नाहीत, तेव्हा दादा टोपणानं माप घेतात आणि टोपण भरून वर थोडं टाकतात. जे गोचीड त्यातूनही जगतात त्यांचीच पिल्लं पुढच्या वर्षी येतात. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनला न जुमानणारे गोचीड देशात ठिकठिकाणी सापडलेत. दादांना हे कुणी सांगायला नको. त्यांच्या भाषेत “आता ह्यायला सवय झालीया.”

त्याच पावसाळ्यात मी बाळीच्या अंगावरची एक फुगलेली मादी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घालून, तोंडाला कापूस लावून, लातूरला घेऊन गेलो. बायको दोन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी मादीच्या तोंडाशी तपकिरी चकचकीत दाणे दिसायला लागले. खसखशीहूनही बारीक. ती एकेक अंडं बाहेर काढते आणि डोक्याजवळच्या एका ग्रंथीनं त्यावर मेणाचा हात फिरवते, म्हणजे ते सुकू नये. मग पुढचं. रात्री झोपताना पाहिलं तरी तेच, सकाळी उठून पाहिलं तरी तेच. ढीग वाढत गेला, तशी ती मागं मागं सरकत आक्रसत गेली. दोन आठवड्यांनी बाटलीत एक सुरकुतलेलं साल उरलं आणि त्याच्यापेक्षा मोठा अंड्यांचा ढीग. टाचणीच्या टोकानं मोजायला बसलो, बाराशेपर्यंत गेलो आणि सोडून दिलं. तेव्हा निम्माही ढीग झाला नव्हता. ह्या जातीची मादी दोन-तीन हजार अंडी सहज घालते.

एका मादीचं एका गाईवरचं एक जेवण, आणि त्यातून हे. दादांची शिवी तेव्हा मला पहिल्यांदा नीट ऐकू आली. खरा हिशेब आईशीच आहे.

गोचिडांविरुद्धची लस नेमका हाच हिशेब धरते. पण तिथवर पोचायला माणसाला पन्नास वर्षं लागली. १९३९ मध्ये विल्यम ट्रेगर ह्या अमेरिकी शास्त्रज्ञानं गिनीपिगांवर गोचिडांच्या अळ्या सोडल्या. पहिल्या खेपेला अळ्या पोटभर प्यायल्या. पण त्याच गिनीपिगांवर पुन्हा सोडल्या तेव्हा बहुतेकींचं पोट भरेना. कातडीनं त्यांची लाळ ओळखली होती. बाळीचं थोडंफार असंच असणार. आपल्या वशिंडाच्या गुरांची कातडी अळ्या बसू देत नाही, खाज सुटते, ती चाटतात, अंग घासतात. चंद्रीच्या रक्तात अर्ध्याहून जास्त युरोप होता. त्या कातडीची ह्या गोचिडांशी पिढ्यांची ओळखच नव्हती.

लाळेचा रस्ता अजूनही सोडलेला नाही. २०२१ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी कोविडच्या लशीचंच एमआरएनए तंत्र वापरून अमेरिकेतल्या एका गोचिडाच्या लाळेतली १९ प्रथिनं गिनीपिगांना ओळखायला शिकवली. चावलेली जागा लाल झाली आणि गोचीड लवकर गळाले.

पण ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेत पीटर विलाडसेन, डेव्हिड केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट्या बाजूनं विचार केला, आणि मला तो जास्त आवडतो. गाईला जे कधीच दिसत नाही तेच तिला दाखवलं तर? गोचीड लाळ सोडतो, पण आतडं काही दाखवत नाही. गाय जन्मभर हजारो गोचीड सोसते, तरी त्यांच्या पोटातल्या अस्तराशी तिची भेट होत नाही. म्हणून त्याविरुद्ध तिच्याकडं काही नसतं, आणि म्हणूनच त्यापासून बचाव करायला गोचीडही शिकलेला नसतो. त्यांनी गोचीड वाटून अर्क काढला, त्याचे भाग पाडले, प्रत्येक भाग गाईंना टोचला. ज्यानं गोचिडांवर फरक पडला त्याचे पुन्हा भाग, पुन्हा गाई. चाळणीखाली चाळणी धरत शेवटी हाती आलं एक प्रथिन, गोचिडाच्या आतड्याच्या पेशींवर अगदी थोडं असणारं. नाव ठेवलं बीएम८६. १९८९ मध्ये ते जगापुढं आलं आणि १९९४ मध्ये ‘टिकगार्ड’ नावाची लस ऑस्ट्रेलियाच्या बाजारात.

ही लस दिलेल्या गाईवर गोचीड बसतो, रोवून बसतो, पितोही. पण आता त्या रक्तात त्याच्याच आतड्याविरुद्धची प्रतिपिंडं असतात. ती आत जाऊन अस्तराच्या पेशी फोडतात. आतडं गळतं, प्यालेलं रक्त शरीरात पसरतं आणि करडी मादी लालसर दिसायला लागते. काही मरतात. उरतात त्या हलक्या भरतात आणि अंडी कमी घालतात. लशीचा गुण प्रयोगशाळेत मोजतात तो असाच: किती माद्या उतरल्या, त्यांचं वजन किती, अंड्यांचं वजन किती, उबली किती. म्हणजे माझी ती बाटलीच, फक्त टाचणीऐवजी तराजू.

ज्या लपण्यामुळं ही लस चालते, त्याच लपण्यानं ती अडतेही. बुळकांडीसारख्या गुरांच्या साथीच्या रोगात एकदा लस लागली की भागायचं. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपली ती त्याच जोरावर. इथं तसं नाही. रोज गोचीड चावले तरी गाईला त्या आतड्याची आठवण कुणी करून देत नाही, त्यामुळं प्रतिपिंडं ओसरतात आणि काही महिन्यांनी पुन्हा टोचावं लागतं. हजार जनावरांचं खिल्लार माळावर सोडणाऱ्या ऑस्ट्रेलियन माणसाला ती परत परत गोळा करणं परवडेना. टिकगार्ड बाजारातून गेली.

क्यूबात मात्र जमलं. हवानाच्या जैवतंत्रज्ञान केंद्रानं तेच प्रथिन यीस्टमध्ये वाढवून ‘गावाक’ नावाची लस केली आणि सरकारी गोठ्यांतली गुरं कळपच्या कळप टोचली, सोबत औषधही चालू ठेवून. काही वर्षांत रसायनांचा वापर ८० टक्क्यांहून जास्त उतरला, लाल लघवीचे रोगीही घटले. अर्जेंटिनातल्या काही गोचिडांवर तीच लस चालेना, कारण त्यांच्या प्रथिनाची घडण जराशी वेगळी होती. मग तिथल्याच गोचिडातून बीएम९५ काढावं लागलं. विषाणूशी लढणं वेगळं. गोचीड हा प्राणी आहे, त्याचा जनुकसंच विषाणूच्या मानानं भलामोठा, त्यात अशा वाटा भरपूर. आपल्याकडं बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत आपल्याच गोचिडांवर हे काम चाललेलं आहे. हायलोमातलं बीएम८६ चं भावंड, एचएए८६, तिथं वासरांवर तपासून झालं. उदगीरच्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये लाळ्या-खुरकत, घटसर्प, फऱ्या ह्यांच्या लशी असतात. ही अजून मला दिसलेली नाही.

थायलेरियाविरुद्धची लस वेगळी, ती आपल्याकडं आहे. हैदराबादला बनते, ‘रक्षाव्हॅक-टी’. जिवंत पण दुबळे केलेले जंतू, द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशावर ठेवलेले. कृत्रिम रेतनवाला मोटरसायकलला नायट्रोजनचा कॅन बांधून गावोगाव हिंडतो, तेव्हा हे काही अशक्य नाही. चंद्री आणली तेव्हा मला ह्या लशीचं नावही माहीत नव्हतं.

आणि गोचिडाची लस असती तर चंद्री वाचली असती का? ह्यावर मी खूप विचार केला. बहुतेक नाही. जंतू घेऊन आलेला गोचीड चावलाच असता, त्याचं आतडं फाटायच्या आत लाळ गेलीच असती. लस लागायला हवी होती ती त्याच्या आईला, म्हणजे आदल्या वर्षी ती ज्या गाईचं रक्त प्याली त्या गाईला. आणि ती गाय आमची असेलच असं नाही.

यंदा ओढ्यावर हे सगळं मी दादांना सांगत होतो. त्यांनी पाखऱ्या बैलाचा कान धरूनच ऐकलं.

“म्हंजी सुई मारली की गोचीड गळत्यात?”

“गळत नाहीत. पितात. पण अंडी कमी घालतात.”

“मंग फरक कवा दिसायचा?”

“पुढल्या पोळ्याला. मधे परत टोचायचं. आन् एकट्यानं टोचून भागायचं नाही. आपण टोचलं न् शेजारच्या गोठ्यातल्या माद्या पोटभर पीत राहिल्या, तर त्यांची पिल्लं येणारच की चरता चरता.”

‘शेजारच्या’ म्हटल्यावर दादांनी मान न वळवता डोळ्यांनीच दहा पावलांवर पाहिलं. “मंग ते तू सांग त्याला,” म्हणाले. “मी न्हाई सांगत.”

तात्यांच्या डब्यातली टप्-टप् मघापासून थांबलेली होती. ते आमच्याकडं पाठ करूनच उभे होते, पण हात बैलाच्या पाठीवर नुसता ठेवलेला.

मी खिशातून बाटली काढली. वर्गात दाखवायला ह्या वर्षीही एक मादी न्यायची होती, पण पाखऱ्याच्या कानातल्या सगळ्या बारक्या निघाल्या. मी शेपटीकडं वळलो तेवढ्यात मागून आवाज आला.

“काय मास्तर, बाटलीत भरून काय करलालास?”

“अंडी मोजायची तात्या.”

तात्या थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्यांच्या बैलाचा कासरा ओढून त्याला दोन पावलं आमच्या बाजूला आणलं, डावा कान उलटा केला आणि दादांकडं न बघता म्हणाले, “ह्याच्या कानातला घे. लई मोठा हाय.”